पुटकुळी काढावी, त्वचा राहू द्यावी
तुम्ही पाठवलेल्या छायाचित्रात मुरुमांचे डाग गेले आहेत खरे, परंतु संपूर्ण चेहऱ्यावर ब्लर (चित्र धूसर करणारे साधन) फिरवल्यामुळे त्वचेची रंध्रेही पुसली गेली आहेत. फोटोशॉपमध्ये मूळ चित्राला हात न लावता वर एक रिकामा लेयर (चित्रावरचा पारदर्शक थर) घ्यावा, हीलिंग ब्रश या डाग काढण्याच्या साधनाच्या सॅम्पल, म्हणजे नमुन्याच्या, पर्यायात ‘करंट अँड बिलो’ (हा थर व त्याखालचे थर) निवडावे आणि डागापेक्षा किंचित मोठा ब्रश ठेवून एकेक डाग स्वतंत्रपणे काढावा. हा ब्रश त्वचेचा पोत आपण नमुन्यासाठी निवडलेल्या जागेवरून घेतो, रंग व उजेड मात्र डागाभोवतालच्या त्वचेशी जुळवतो. म्हणून गालावरील डागासाठी नमुना गालावरचाच घ्यावा, कारण कपाळाची रंध्रे वेगळी दिसतात. केसांच्या किंवा ओठांच्या कडेला हीलिंग ब्रश रंग फासतो, तेथे नमुना जसाच्या तसा उतरवणारा क्लोन स्टॅम्प बरा. डोळ्यांखालील काळेपणा पूर्ण घालवू नये. ती दुरुस्ती वेगळ्या लेयरवर करून त्या लेयरची ओपॅसिटी (अपारदर्शकता) ५० टक्क्यांच्या आसपास आणावी. तीळ आणि जुने व्रण ही त्या व्यक्तीची ओळख असते, त्यामुळे विचारल्याशिवाय ते काढू नयेत (एकदा मी नवरीच्या हनुवटीवरचा तीळ काढला आणि तिच्या आईने अल्बम परत पाठवला). काम १०० टक्के झूमवर करावे, मात्र अधूनमधून पूर्ण चित्र पाहावे.