घोडा घेण्याआधी किती वेळा बसून पाहावं?

तुम्ही लिहिलंय की दोन जनावरं मनात भरलीत, एक काठियावाडी घोडा आणि एक मारवाडी घोडी. स्वतःसाठी आणि मुलीसाठी त्यातलं एक घ्यायचंय. दोन्ही मालक म्हणतात, एकदा बसून बघा आणि इसार द्या. एकदा पुरेसं आहे का?

नाही. तीनदा बसा, तीन वेगवेगळ्या वेळी, आणि त्यातल्या एका वेळी न कळवता जा. जो मालक याला नाही म्हणेल त्याचं जनावर सोडून द्या, कितीही देखणं असलं तरी.

माझे वडील नाशिकरोड स्टेशनवर टांगा लावायचे. मी पाय फुटल्यापासून घोड्यांतच वाढले. लग्न होऊन दिंडोरीकडे द्राक्षवाल्यांच्या घरात आले. 2013 साली घरात घोडी घ्यायचं ठरलं. थोरले दीर, माझे यजमान आणि गावातले दोन जाणकार घोडेबाजाराला निघाले. मीही गेले, कारण घोडीवर बसणार होते मी. घरात मांड ठोकता येणारं दुसरं कुणी नव्हतं.

घोडी सुंदर होती, त्यात वाद नाही. कुमैत म्हणजे तांबूस अंगाची, पंचकल्याणी म्हणजे चारही पाय आणि तोंडावरचा पट्टा पांढरा, कानांची टोकं एकमेकांना भिडलेली, गळ्याखाली देवमण, म्हणजे शुभ मानतात तो केसांचा भोवरा. दिरांनी दात पाहिले, भोवरे तपासले. व्यापाऱ्याच्या पोराने रवाल चालीत दोन फेऱ्या मारल्या, मग हलगीवर नाचवून दाखवली. मी म्हटलं, मला एकदा बसू द्या. दीर म्हणाले, "चार लोकांत बाईमाणसाने घोड्यावर बसणं शोभतं का? देवमण आहे, अजून काय बघायचं? घरी नेल्यावर बस." रुमालाखाली बोटं धरली आणि सौदा झाला.

सुरुवातीला तिने काही त्रास दिला नाही. मग ऑक्टोबर छाटणी झाली आणि फवारण्या लागल्या. मी बांधाने चालले होते, शेजारच्या बागेत ट्रॅक्टरचा ब्लोअर सुरू झाला आणि घोडी बुजली. मी लगाम आखडला, तशी ती सरळ दोन पायांवर उभी राहिली. ती वरातीची घोडी होती. लगाम ताणला की पुढचे पाय उचलायचे, हे तिला शिकवलेलं होतं. मी जितका लगाम आखडला तितकी ती उभी राहत गेली. मी बागेच्या तारेवर पडले, कॉलरबोन मोडलं, दोन महिने हात गळ्यात होता. बाजारात पाच मिनिटं बसून लगाम दोनदा ओढला असता तर तिथेच कळलं असतं.

घोडीचा दोष नव्हता. पुढे ती वरातीवाल्यांकडेच गेली. पण दीर आल्यागेल्याला सांगायचे, "टांगा हाकणं वेगळं आणि मांड ठोकणं वेगळं." मला हाड मोडल्याचं नाही इतकं त्या वाक्याचं दुखलं. ते माझ्या वडिलांना लागत होतं. स्टेशनवरच्या हॉर्न आणि गर्दीत त्यांनी जी जनावरं शांत उभी केली, ती पाहिलेला माणूस असं बोलला नसता.

2016 मध्ये दुसरा घोडा पाहिला तो माझ्या पद्धतीने. सकाळी न सांगता गेले. आधी हात पाठीवर आणि तंगाच्या, म्हणजे खोगीर आवळायच्या पट्ट्याच्या जागी फिरवला. घाम असेल तर गिऱ्हाईक यायच्या आत मस्ती जिरवून ठेवलीय असं समजा. खोगीर माझ्यासमोर चढवायला लावलं. तंग आवळताना जनावर चावायला वळतं का, कान मागे टाकतं का, ते पाहिलं. मग मालकाला बसायला सांगितलं. मालक स्वतः बसत नसेल तर तुम्हीही बसू नका. त्यानंतर खोगीर काढून डांबरी रस्त्यावर मोकळ्या दोरीने दुडकी चालवला. पुढचा पाय दुखत असेल तर तो टेकताना मान वर उडते आणि चांगला पाय टेकताना खाली जाते. लहान गोलात दोन्हीकडून फिरवला, गोलात लंगडणं उघडं पडतं. मग मी बसले आणि त्याला तबेल्यापासून, सोबतच्या घोड्यापासून लांब नेला. पुष्कळ घोडे सोबत सुटली की अडतात.

दुसऱ्या फेरीला आठ दिवसांनी गेले. वेदना दाबणारं इंजेक्शन दिलेलं असेल तर तेवढ्या दिवसांत त्याचा असर उतरतो. तिसऱ्यांदा मुद्दाम फवारणीच्या वेळी गेले आणि चालू ब्लोअरजवळून नेला. त्याने कान टवकारले, थांबला, पाहिलं आणि पुढे चालू लागला.

दिसायला साधा, खच्ची केलेला काठियावाडी. डोळ्याखाली आसूढाळ, म्हणजे अशुभ मानतात तो भोवरा. दीर म्हणाले, हा दारात आला तर घरात रडं येईल. मी घेतला. तो अजून आमच्याकडे आहे, आणि दिरांचा नातू त्याच्याच पाठीवर मांड शिकला. भोवऱ्यांवर घोडा घेणाऱ्यांना माझं उघड सांगणं आहे, भोवरा केसांत असतो, पायात नाही आणि स्वभावातही नाही.

आता एक-दोन गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. येवल्याच्या मंगळवारच्या बाजारात हे सगळं जमत नाही, तिथे फार तर अर्धा तास मिळतो. सारंगखेड्याची यात्रा दत्तजयंतीपासून बरेच दिवस चालते, तिथे निदान दोन वेगवेगळ्या दिवशी तेच जनावर पाहता येतं. दातांवरून वय साधारण पाच वर्षांपर्यंत नीट कळतं, दहाच्या पुढे अंदाजच. मी डॉक्टर नाही, पाय आणि डोळे पशुवैद्यकाकडून तपासून घ्या. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाची रक्ततपासणी झाल्याशिवाय पैसे देऊ नका. तो रोग माणसालाही होतो आणि त्यात सापडलेलं जनावर मारावं लागतं.

काठियावाडी की मारवाडी, हे मी न पाहता सांगणार नाही. मारवाडी घोडी मात्र वरातीत होती का ते विचारा, आणि उत्तर काहीही आलं तरी लगाम ओढून पाहा. तुमच्या दोन फेऱ्या नीट झाल्या की तिसऱ्या फेरीला मुलीला घेऊन जा, डोक्यावर हेल्मेट घालून तिला बसवा. भोवती चार लोक असले तरी बसवा.