'द डाइंग स्वान'चं स्केल, टेम्पो आणि मूड काय आहे? भाचीच्या नाचाला कीबोर्डवर साथ करायची आहे.

स्केल जी मेजर. हो, मेजरच. "इतकं उदास वाटतं म्हणजे मायनर असणार" असं तुम्हाला कोणी सांगितलं असेल, तर त्या माणसाकडून आणखी काय काय शिकलात तेही एकदा तपासून घ्या.

जी म्हणजे सा धरा आणि सुरुवात वाजवून बघा. तार सा, नी, मग एकदम खाली ग, पुन्हा वर ध, प, आणि मध्य सा. तिथून रे, ग, म असं सावकाश चढतं. सगळे शुद्ध स्वर, पेटीच्या क्लासात पहिल्या महिन्यात घोटून घेतात तेच. मध्ये थोडा वेळ मायनरकडे कलतं, पण मुक्कामाला नाही.

मुळात ज्याचं हे संगीत, त्या फ्रेंच संगीतकार सेन-सॉन्सचा हंस मरतच नाही. 1886 मधल्या 'कार्निव्हल ऑफ द ॲनिमल्स'मधला हा तेरावा तुकडा. चेलो म्हणजे हंस, दोन पियानो म्हणजे खालचं पाणी. वर लिहिलंय 'आंदान्तिनो ग्राझिओसो', म्हणजे रेंगाळू नका, डौलात चला. ताल 6/4. हंसाला मारलं नृत्यदिग्दर्शक फोकीननं, नर्तिका आना पाव्हलोव्हासाठी नाच बसवताना, जवळजवळ वीस वर्षांनंतर. सूर तेच राहिले. त्याच संचात कासवांसाठी ऑफेनबाखचा कॅन-कॅन, एरवी भन्नाट वेगाचा नाच, इतका संथ लावलाय की तो कॅन-कॅन आहे हेच आधी कळत नाही. लय ओढली की मूड कुठल्या कुठे जातो, हे सेन-सॉन्सला पुरेपूर ठाऊक होतं. आमच्या दादाला नव्हतं.

दादा म्हणजे माझा मामेभाऊ. चेलो वाजवतो, आणि छान वाजवतो. मी तेव्हा मुंबईत एका बॅलेच्या क्लासला पियानोची साथ करायचे. वार्षिक कार्यक्रमात सतरा वर्षांची एक मुलगी हा नाच करणार होती. बाईंना सीडी नको होती, म्हणून मीच दादाला गळ घातली. तालमीत पहिल्याच दिवशी ठिणगी पडली. हा नाच जवळजवळ सगळा बुरेवर आहे: चवड्याच्या टोकावर उभं राहून इतकी बारीक पावलं टाकायची की पाय चालतायत असं वाटूच नये, आणि वर हात मात्र पंखासारखे, खांद्यापासून सावकाश. त्या हातांना वेळ लागतो. बाई म्हणाल्या, थोडं थांबून घ्या. दादा म्हणाला, "लिहिलंय आंदान्तिनो. मी आडाज्यो, इतकं संथ, वाजवणार नाही." खिशातून लयीचे ठोके देणारा मेट्रोनोम काढून पियानोवर ठेवला. माझ्या पियानोवर!

मैफलीत हे साधारण तीन मिनिटांत संपतं. त्या मुलीला पावणेचार हवी होती. घासाघीस करून सव्वातीनवर आलो.

कार्यक्रमाच्या दिवशी दादा आणखी पुढे धावला. शेवटी चेलो वर चढून एकच लांब सा धरतो आणि तो विरत जातो. त्यानं तो धरला, विरवला, बो, म्हणजे चेलोचा गज, उचलला. मुलगी अजून एका गुडघ्यावर, डावा हात हवेत. सभागृहात तिच्या बुटाचं टोक लाकडावर घासल्याचा आवाज ऐकू आला, इतकी शांतता. मला काही सुचलं नाही. मी जी मेजरचं पाणी तसंच चालू ठेवलं, एकटीनं, हळू हळू, चार बार, म्हणजे तालाची चार आवर्तनं. ती पुढच्या पायावर वाकली, हात मिटले, डोकं टेकलं. मग मी थांबले. टाळ्या पडल्या, कोणाला काही कळलं नाही.

दादाला कळलं. "तू सेन-सॉन्सच्या पुढे चार बार लिहिलेस" हे वाक्य मी आजवर लग्नात, मुंजीत आणि एकदा मामांच्या तेराव्यालाही ऐकलं आहे. माझं म्हणणं तेव्हाही हेच होतं आणि आजही हेच आहे: साथीला बसलात ना, मग जी नाचतेय तिचा श्वास बघा, कागद नंतर.

तेव्हा तुम्हीही भाचीला आधी नुसतं नाचायला सांगा, संगीताशिवाय, आणि तिचा हात खाली यायला किती वेळ लागतो ते बघा. टेम्पो तिथून काढा. मूडची काळजी करू नका, तो आपोआप येतो. कीबोर्डवर चेलोचा आवाज लावणार असाल तर नका लावू. ते कसं करायचं हे मला विचारूही नका, मला ती बटणं कळत नाहीत.

एक मात्र सांगायला हवं. हे सगळं स्टेजवरच्या नाचाबद्दल. क्लासात आधाराच्या दांड्याला धरून प्लिए, म्हणजे गुडघे वाकवायचा सराव, चालू असताना अशी लय ओढलीत तर बाई हाकलून देतील, आणि कथकच्या लेहऱ्यात केलंत तर तबलजी.

आणि दुसरं. दोनेक वर्षांपूर्वी दादाकडे गेले होते, तो आतल्या खोलीत हेच वाजवत होता, अगदी सावकाश. दारातून बघितलं तर ती पहिली सुरावट अर्ध्यावर आली नाही तोच बो टोकाला पोचला होता, आणि त्याचा हात थरथरत होता. चेलोवर लय जितकी संथ, तितका बो पुरवून वापरावा लागतो, नाहीतर सूर मध्येच तुटतो. पियानोवाल्याला हे कधी कळायचं? पण मग तालमीत सांगायचं ना, "मला बो पुरत नाही" म्हणून. बाईंनी दोन सुरांमध्ये बो बदलायची जागा काढून दिली असती. मेट्रोनोम कशाला मध्ये आणायचा?

मी दारातूनच परत फिरले, चहा ठेवला. त्यानं विचारलं, "ऐकलंस का?" मी म्हटलं, "नाही, आताच आले."