२६, ११ आणि ६८ : बीएडच्या आयटी चाचणीतले मार्क काय सांगतात?

पत्र :
"मॅडम, मी नाशिकला बीएडच्या दुसऱ्या वर्षाला आहे, मेथड गणित आणि विज्ञान. गाव पेठ तालुक्यात. गेल्या महिन्यात कॉलेजमध्ये आमची सगळ्यांची माहिती तंत्रज्ञानाची चाचणी घेतली. ज्ञान ३० पैकी २६, कौशल्य ३० पैकी ११, अभिवृत्ती, म्हणजे आयटीबद्दलचा मनाचा कल, १०० पैकी ६८ आणि पुढे शेरा 'मध्यम'. कौशल्याला २५ मिनिटांत मराठी परिच्छेद टाइप करायचा, एक्सेलमध्ये दहा मुलांची मार्कलिस्ट आणि पाच स्लाइड. माझी १५ मिनिटं परिच्छेदातच गेली, 'ज्ञ' सापडतच नव्हता. अभिवृत्तीच्या फॉर्ममध्ये २० वाक्यं होती, सर वाचतील म्हणून मी सगळीकडे 'पूर्ण सहमत' वर टिक केली. माझी एमएस-सीआयटी झालीय तरी कॉम्प्युटरसमोर बसलं की हात गार पडतात. लॅबमध्ये एका मशीनवर आम्ही पाच जणी, मी कायम वहीत स्टेप्स लिहून घेणारी. आता गंगापूर रोडला एका क्लासमध्ये १८ हजारात डिजिटल टीचरचा कोर्स आहे. बाबा द्राक्षाच्या कामाला दिंडोरीला जातात, ते म्हणतात उसने घेऊ. करू का? की शिक्षकी पेशाच माझ्यासाठी नाही? हे मार्क पुढे भरतीत दिसतील का?"

उत्तर :

अगं, आधी १८ हजारांचं सांगते कारण घरी उसनवारीची बोलणी सुरू झालीयेत. नको भरूस. तुला जे कमी पडतंय ते त्या कोर्समध्ये विकत मिळणारं नाहीये, का ते खाली सांगते, पण बाबांना आजच फोन करून सांग की थांबा.

आणि भरतीचं पण लगेच सांगून टाकते. कॉलेजमधली ही चाचणी तुमची तयारी कुठपर्यंत आलीय हे बघायला असते, शिक्षक भरतीच्या पवित्र पोर्टलवर ती कुठेच जात नाही. तिथे टेटचे, म्हणजे शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणीचे, मार्क लागतात. टेट कॉम्प्युटरवरच होते, २०० प्रश्न आणि १२० मिनिटं, पण त्यात टायपिंग नसतं, स्क्रीनवर प्रश्न वाचायचा आणि माउसने पर्याय निवडायचा एवढंच. म्हणजे तुला सराव हवाय तो स्क्रीनवर भराभर वाचण्याचा, ऑनलाइन मॉक टेस्ट सोडवून तो होतो.

आता तुझे तीन आकडे. तू ते एकत्र करून 'मला आयटी जमत नाही' असं एकच वाक्य केलंयस, आणि तिथेच गडबड झालीय. ज्ञान, कौशल्य आणि अभिवृत्ती या तीन वेगळ्या गोष्टी आहेत म्हणून तर त्या वेगवेगळ्या मोजतात, आणि प्रत्येकीचं माप पण वेगळं असतं.

६८ पासून सुरू करू, कारण तू गणितवाली आहेस, तुला मजा येईल. असे फॉर्म बहुतेक करून लिकर्ट पद्धतीचे असतात, रेन्सिस लिकर्ट या अमेरिकन संशोधकाने १९३२ साली ही पद्धत मांडली. 'पूर्ण सहमत' ला ५ आणि 'पूर्ण असहमत' ला १. पण फॉर्म बनवणारे काही वाक्यं मुद्दाम उलटी टाकतात, जसं की 'कॉम्प्युटरमुळे शिक्षकाचा वेळ वाया जातो', आणि अशा वाक्यांना मार्क उलटे देतात, तिथे 'पूर्ण सहमत' केलं की १ च मिळतो. तू वीसही ठिकाणी पूर्ण सहमत केलंस आणि आले ६८. मांड बरं समीकरण. सरळ वाक्यं 'क्ष' धरली तर ५क्ष + (२० − क्ष) = ६८, म्हणजे क्ष = १२. बारा सरळ वाक्यांचे ६० आणि आठ उलट वाक्यांचे ८. पद्धत हीच असेल तर तुझा ६८ आला तो इथून, तुझ्या मनातून नाही आला. न वाचता सगळीकडे 'पूर्ण सहमत' वर टिक केलेल्या कुणाचेही तेवढेच आले असते. तेव्हा त्या 'मध्यम' शेऱ्याचं अजिबात मनाला लावून घेऊ नकोस.

पण एक काम कर. तोच फॉर्म सरांकडून कोरा मागून घे आणि होस्टेलवर एकटी बसून पेन्सिलीने खरा भर, कुणाला दाखवायचा नाहीये. तंत्रज्ञान माणूस का वापरतो यावर फ्रेड डेव्हिस यांनी १९८९ मध्ये मांडलेलं एक साधं म्हणणं आजही खूप वापरलं जातं : हे मला उपयोगाचं आहे का, आणि हे मला सोपं जाईल का, या दोन प्रश्नांवर माणसाचा कल ठरतो. मला वाटतं तुला पहिल्याचं उत्तर 'हो' आहे आणि दुसऱ्याचं 'नाही'. तसं असेल तर ती नावड नाहीये, ती भीती आहे, आणि भीतीवरचा इलाज वेगळा असतो.

आता ११ चं बघू. मला यात तुझ्या कॉलेजचं कौतुकच वाटतं, कारण बऱ्याच ठिकाणी कौशल्य मोजायचं म्हणजे 'तुम्हाला एक्सेल येतं का? हो / नाही' एवढाच प्रश्न असतो आणि मग सगळेच हो म्हणतात. तुमच्याकडून प्रत्यक्ष काम करून घेतलं. पण तुझ्या २५ मिनिटांतली १५ गेली ती कीबोर्डवर अक्षरं शोधण्यात. तू आयुष्यभर मराठी मोबाइलवर टाइप केलंयस आणि तिथे समोर होता तो बहुधा इन्स्क्रिप्ट, म्हणजे भारतीय भाषांसाठीचा ठरलेला कीबोर्ड. मार्कलिस्ट येत असूनही तिच्यापर्यंत तू नीट पोचलीच नाहीस. म्हणजे या ११ मध्ये मुख्य मोजला गेलाय तो तुझा कीबोर्डचा सराव. इन्स्क्रिप्टचा हिशोब एकदा कळला की सोपा आहे, डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं, आणि तुझा तो 'ज्ञ' शिफ्ट दाबून ५ वर बसलाय. त्र ६ वर, क्ष ७ वर, श्र ८ वर. रोज अर्धा तास, पाठ्यपुस्तकातला एक परिच्छेद. महिन्याभरात फरक पडतो, मी कितीतरी मुलींचा पडलेला बघितलाय.

आणि सवय युनिकोडचीच लाव, म्हणजे कुठल्याही मशीनवर वाचता येणाऱ्या मराठीची, जुन्या फॉन्टची नको. मी एकदा निफाडकडच्या एका शाळेत एका छात्राध्यापिकेचा पाठ बघायला मागे बसले होते. तिने रात्र जागून स्लाइड केलेल्या, कॉलेजच्या मशीनवर, जुन्या मराठी फॉन्टमध्ये. शाळेच्या लॅपटॉपवर तो फॉन्टच नव्हता. पडद्यावर आलं काय तर इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम आणि कंसांची रांग. नववीची मुलं हसायला लागली, तिचे कान लाल झाले, दहाएक सेकंद ती नुसती पडद्याकडे बघत उभी. मग तिने प्रोजेक्टर बंद केला, खडू घेतला आणि फळ्यावर आकृती काढत पाठ पूर्ण केला, आणि चांगला केला. त्या दिवशी मी तिला फॉन्टबद्दल सांगितलंच, पण त्या दहा सेकंदांनंतर तिने जे केलं ते कुठल्या चाचणीत मोजलं जात नाही याची मला आजही चुटपुट लागते. तुमच्या पेठ सुरगाण्याकडे पावसाळ्यात लाइट कधी जाईल सांगता येत नाही, तिथल्या शिक्षकाला हे पहिलं यायला हवं, आणि हे तुला शिकवावं लागेल असं मला वाटत नाही.

२६ बद्दल मात्र थोडं कडक बोलते. रॅम, रॉम आणि लाँगफॉर्म पाठ असले की हे मार्क पडतात, ती तुझ्या वहीची कमाई आहे आणि चांगली आहे. पण शिक्षकाला लागणारं ज्ञान याच्या पुढचं असतं. ली शुलमन यांनी १९८६ मध्ये मांडलं की विषय येणं वेगळं, शिकवण्याच्या पद्धती माहीत असणं वेगळं, आणि हाच घटक या मुलांना कसा शिकवायचा हे कळणं आणखी वेगळं. २००६ मध्ये पुण्य मिश्रा आणि मॅथ्यू कोहलर यांनी त्यात तंत्रज्ञान जोडलं, त्यालाच टीपॅक म्हणतात, तुमच्या अभ्यासात आलं असेल किंवा येईल. साध्या भाषेत, कुठल्या घटकाला कॉम्प्युटर लागतो आणि कुठल्याला नाही हे ओळखता येणं.

नववीचं धाराविद्युत घे. ओहमच्या नियमात व्होल्टेज वाढवलं की धारा वाढते हे मुलं पाठ करतात, पण धारा डोळ्यांना दिसत नाही ना. इथे कोलोरॅडो विद्यापीठाचं फेट नावाचं फुकट सिम्युलेशन मोबाइलच्या ब्राउझरवर चालतं, रोध वाढवला की धारेचा आकडा मुलांसमोर उतरतो. इथे तंत्रज्ञानाचा उपयोग आहे. उलट पानाचे शिराविन्यास शिकवायला बाहेर आंब्याचं झाड असताना स्लाइड कशाला दाखवायची? बाळाला मुळाक्षरं येतात म्हणजे त्याला पत्र लिहिता येतं असं नाही, तसंच तुझ्या त्या २६ मार्कांचं आहे. १८ हजारांच्या कोर्समध्ये तुला खूपशी ॲप दाखवतील, पण कुठला घटक आणि कुठली मुलं हे तुलाच ठरवायचंय, आणि ते वर्गात उभं राहूनच कळतं. ॲपचं म्हणशील तर शालेय अभ्यासाचं सरकारी दीक्षा ॲप फुकट आहे, बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड स्कॅन करून बघ, स्वयम या सरकारी संकेतस्थळावर ऑनलाइन कोर्स आहेत.

एनसीटीई, म्हणजे राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या, २०१४ च्या नियमांप्रमाणे दुसऱ्या वर्षात तुम्हाला १६ आठवडे शाळेत इंटर्नशिप आहे. तिथे ऑफिसमध्ये पण थोडा वेळ बस. यू-डायस प्लस आणि सरल या सरकारी पोर्टलवर शाळेची आणि मुलांची माहिती भरणं, निकालपत्रकं, ही कामं नोकरी लागल्यावर सगळ्यात नव्या शिक्षकाकडेच येतात. तिथल्या सरांना म्हण, मी भरते, तुम्ही शेजारी बसा. खऱ्या मुलांची खरी मार्कलिस्ट एकदा केलीस की एक्सेल डोक्यात बसेल.

आणि लॅबमधली ती पाच जणींची खुर्ची. वही घेऊन कडेला बसायची जागा तू स्वतःच धरलीस, कारण तिथे चुकायची भीती नाही. माझ्या मते तुझे हात गार पडतात त्याचं कारण हेच आहे, डोक्याला सगळं माहितीय आणि बोटांना काहीच नाही. उद्याच्या प्रॅक्टिकलला वही मैत्रिणीच्या हातात दे आणि म्हण, आज माउस माझ्याकडे. चुकशील, फाइल सेव्ह करायची राहील, होऊ दे. पाच जणींना पाळीपाळीने बसवा असं सरांनाही सांग, सगळ्या मिळून सांगा, ही मागणी अगदी रास्त आहे.

शिक्षकी पेशा तुझ्यासाठी आहे की नाही हे ११ मार्कांवरून मी ठरवणार नाही आणि तूही ठरवू नकोस. इंटर्नशिपमध्ये धाराविद्युतचा तो पाठ घे, एकदा मोबाइल वापरून आणि दुसऱ्या तुकडीला नुसत्या फळ्यावर, आणि दोन्ही तुकड्यांना शेवटी तेच पाच प्रश्न विचार. कुठल्या मुलांना काय कळलं ते लिहून काढ. मग एखाद्या शनिवारी पेठच्या गाडीला बसायच्या आधी माझ्याकडे ये, पेन्सिलीने भरलेला फॉर्म आणि ती पाठाची वही दोन्ही आण, आपण बसून बघू.