गवत कापायच्या यंत्राला लाकडं ओढता येतील का?

प्रश्न : आम्ही पेनसिल्व्हेनियात राहतो. पाच एकर जागा, चार शेळ्या, कोंबड्या, मागं भाजीचा तुकडा. शेजारच्या आजोबांनी त्यांचा जुना रायडिंग मोअर, म्हणजे बसून चालवायचं गवत कापायचं यंत्र, फुकट दिलाय. साडेसतरा हॉर्सपॉवर, एक सिलिंडर. खालचा पात्यांचा डबा गंजून गेला, पण इंजिन एका किल्लीत सुरू होतं. जळण आणि लेंडीखत वाहायला चालेल का? वाटेत चढ आहे.
— एक वाचक, लँकेस्टर, अमेरिका

उत्तर : ताई, चालेल. फक्त तो साडेसतराचा आकडा डोक्यातून काढून टाका. कराडला माझ्या गॅरेजात येणारेही आधी हॉर्सपॉवरच सांगायचे, ब्रेकचं नाव कोणी काढायचं नाही. मुलीकडं मिशिगनला सहा महिने होतो, तेव्हा शेजाऱ्याच्या असल्याच मोअरला मी गाडा जोडला होता. इंजिन दमलं नाही, मागचा गिअरबॉक्स दमला.

तुमच्या यंत्राला गिअरचा दांडा आहे की पुढं-मागं करायला पायातलं पेडल, ते आधी बघा. दांडा असेल तर नशीब समजा. पेडल असेल तर आत तेलाच्या दाबावर चालणारा हायड्रोस्टॅटिक गिअरबॉक्स आहे. घरगुती मोअरमधला हा गिअरबॉक्स हलका आणि बहुतेक वेळा सीलबंद असतो. यंत्र, वर बसलेला माणूस आणि सपाट लॉन, एवढंच धरून तो बनवलेला. ओझं ओढून तेल तापलं की पातळ होतं आणि चाकांना जोर पोचत नाही. माझं तेच झालं. जुलैची दुपार, तासभर माती वाहिलेली, आणि चढाच्या मध्यावर इंजिन नुसतं घोंगावतंय, गाडी जागची हलेना. चाकामागं ओंडका लावून अर्धा तास बसून राहिलो, मग मुकाट वर गेली. मागून बघितलं तर गिअरबॉक्सवरच्या पंख्यात वाळलेल्या गवताचा गच्च गोळा. तुमच्यातही असणार. इंजिन बंद करून ब्रशनं साफ करा.

पात्यांचा डबा काढूनच टाका. आधी स्पार्क प्लगची टोपी उपसा, पट्टा सोडवा, पिना काढल्या की डबा बाजूनं सरकून निघतो. पात्यांचा पट्टा लोंबता ठेवू नका. सीटखाली एक स्विच असतो, ब्रेक न लावता माणूस उठला की इंजिन बंद करणारा. लाकडं भरताना सारखं चढ-उतर होतं म्हणून लोक त्याच्या वायरी जोडून तो निकामी करतात. तुम्ही करू नका, उतरताना ब्रेक लावायची सवय लावून घ्या. मागचा हूक अडकवायचा पत्रा पातळ असतो, त्याला आतून जाड पट्टी बोल्टनं बसवा.

आता चढ. खरं म्हणजे उतार. असल्या यंत्राचा ब्रेक म्हणजे गिअरबॉक्सवरची एक लहानशी चकती, आणि गाड्याला तर ब्रेकच नाही. भरलेला गाडा उतारावर मागून ढकलतो, लॉनचे गुळगुळीत टायर घसरतात, आणि गाडा बगलेनं तुमच्या पुढं येतो. किती ओढायचं ते पुस्तिकेत लिहिलेलं असतं. पुस्तिका नसेल तर माझा हिशेब असा : यंत्र २०० किलो आणि तुम्ही ६० धरल्या, तर सपाटीवर गाडा ओझ्यासकट २५० किलोच्या आत. उतारावर त्याच्या निम्मं. १५ लिटरची बादली ओल्या मातीनं भरली की २५ किलोच्या आसपास जाते, आणि रिकामा गाडाच ४० किलोचा. म्हणजे उतारावर तीन बादल्या. कमी वाटतात ना? दोन खेपा जास्त करा. उतरताना सरळ रेषेत, सगळ्यात हळू गिअरात, आणि क्लच अजिबात दाबायचा नाही. हायड्रोस्टॅटिक असेल तर चाकं मोकळी करणारा मागचा दांडा ओढायचा नाही.

टायरला पकड हवी तर साखळ्या लावा, बर्फातही कामाला येतील. वजनासाठी आपल्याकडं ट्रॅक्टरच्या टायरात साधं पाणी भरतात, ते तुमच्याकडं जानेवारीत गोठेल. तिथले लोक मोटारीची काच धुवायचं न गोठणारं पाणी भरतात.

आणि पुढंमागं दुसरं जुनं यंत्र मिळालंच तर १९६०-७० च्या काळातला गार्डन ट्रॅक्टर बघा. इंटरनॅशनल हार्वेस्टरनं १९६१ मध्ये काढलेला पहिला कब कॅडेट फक्त ७ हॉर्सपॉवरचा, पण गिअरबॉक्स बिडाचा. ओढायच्या कामाला तुमच्या साडेसतराला तो मागं टाकेल.

प्रश्न : वडिलांचा जुना बी-२७५ ट्रॅक्टर सहा वर्षं लिंबाखाली उभा आहे. भंगारवाला वजनावर मागतोय. शेणखत, कडबा वाहायला ठेवावा का?
— एक वाचक, कोरेगाव, जि. सातारा

उत्तर : ठेवा! वरच्या उत्तरातल्या त्याच इंटरनॅशनलचा हा ट्रॅक्टर. १९६३ मध्ये महिंद्रानं त्यांच्याशी आणि व्होल्टासशी भागीदारीत कंपनी काढली, तिथून तो आपल्याकडं आला. माझं निम्मं आयुष्य त्याच्याखाली आडवं होऊन गेलंय.

लगेच सेल्फ मारू नका. वरच्या गिअरात टाकून दोघातिघांनी ढकला, इंजिन फिरतं का बघा. अडलं असेल तर डिझेलचे नोझल काढून चारही सिलिंडरमध्ये थोडं थोडं ऑइल सोडा आणि दोन दिवस तसंच राहू द्या. टाकीतलं जुनं डिझेल काढून टाका. एअर क्लीनर उघडा, उंदरानं संसार मांडलेला असेल.

मग ब्रेक. डाव्या-उजव्या चाकाची पेडलं वेगळी असतात, नांगरताना बांधाकडेला झटकन वळता यावं म्हणून. ट्रॉली लावली की ती दोन्ही कडीनं जोडायचीच. १९८७ साली मी स्वतः ही कडी लावायला विसरलो. शेणखताची ट्रॉली घेऊन बांधावरून उतरताना पाय एकट्या उजव्या पेडलवर पडला. ट्रॅक्टर गर्रकन उजवीकडं फिरला आणि ट्रॉली शेजाऱ्याच्या हळदीत. भरपाई दिलीच, वर गावानं वर्षभर मला ‘हळदीचा मिस्त्री’ म्हणून हाक मारली. मागच्या चाकाच्या सीलमधून तेल गळत असेल तर आधी तेच बदला. तेलकट झालेले ब्रेकचे लायनर धरत नाहीत, पेडल कितीही दाबा.

ट्रॉली खालच्या ड्रॉबारलाच, म्हणजे मागच्या ओढायच्या दांड्यालाच, जोडायची. टॉप लिंकच्या, म्हणजे मागच्या वरच्या जोडाच्या, जागी साखळी लावून ओढलं तर तोंड वर उचलून ट्रॅक्टर पाठीवर पडतो. डांबरीवर काढणार असाल तर नोंदणी, विमा बघून घ्या. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते.

प्रश्न : काजूच्या बागेत पॉवर टिलरला ट्रॉली लावली आहे. उतारावर डावीकडं वळवायला गेलं की उजवीकडं जातो. यंत्रात दोष आहे का?
— एक वाचक, कुडाळ

उत्तर : दोष नाही. हँडलवरचा डावा स्टिअरिंग क्लच दाबला की डाव्या चाकाची ताकद तुटते. सपाटीवर उजवं चाक ढकलत राहतं म्हणून डावीकडं वळतो. उतारावर इंजिन चाकांना मागं धरत असतं. डावं सोडलं की ते मोकळं पळतं, उजवं धरलेलंच राहतं, आणि टिलर उजवीकडं जातो. म्हणून भरलेल्या ट्रॉलीनं उतरताना क्लचला हात लावू नका. वेग आधीच कमी करा, हँडलनंच वळवा, पाय ट्रॉलीच्या ब्रेकवर ठेवा. नव्या गड्याच्या हातात द्यायच्या आधी रिकामी ट्रॉली लावून त्याच उतारावर चार वेळा खाली न्यायला लावा, आणि तुम्ही वरच्या अंगाला उभे राहा.