बाइक चालवताना आरशात बघितलं की पुढचं सुटतं. आजूबाजूच्या गाड्यांचं भान कसं ठेवायचं?

तुम्ही लिहिलंय की बाइक नवीन आहे, आणि बाजूने अचानक गाडी गेली की दचकायला होतं. मी १९ वर्षं पावस ते रत्नागिरी रोज जातो-येतो. सुरुवातीला माझंही असंच व्हायचं.

आरशात बघत राहायचं नसतं. नजर टाकायची आणि लगेच पुढे आणायची, तीही पुढे मोकळं असेल तेव्हाच. ताशी ५० च्या वेगाला बाइक सेकंदाला जवळपास १४ मीटर जाते. आरशात दोन सेकंद अडकलात तर २८ मीटर रस्ता न बघता गेला. मी मनात हिशेब ठेवतो: मागे आंब्याच्या पेट्यांची पिकअप, तिच्यामागे स्कूटर, पुढे एसटी. अधूनमधून नजर टाकून तो जुळतो का बघायचं. मघाशी दिसणारी स्कूटर आरशातून गायब झाली तर ती कुठेतरी वळली असेल असं समजू नका. ती तुमच्या बाजूलाच आहे असं धरून चाला. शिवाय बहुतेक आरसे फुगीर असतात, त्यात मागची गाडी आहे त्यापेक्षा लांब वाटते.

सगळ्यात जास्त जपायचं ते उजवीकडे वळताना. आपल्याकडे बरेच ट्रकवाले मागच्याला 'जा पुढे' सांगायला उजवा इंडिकेटर देतात. त्यामुळे तुम्ही वाडीच्या रस्त्याला वळायला उजवा इंडिकेटर दिलात आणि वेग कमी केलात, की मागच्याला वाटतं तुम्ही त्याला वाट देताय. गोळपजवळ माझ्या बाबतीत हेच झालं. आरसा रिकामा दिसला, मी हँडल वळवलं आणि एक बाइक माझ्या गुडघ्याला घासून पुढे गेली. त्या बाइकवर मागे लहान मुलगी बसलेली होती. कुणाला काही झालं नाही, पण त्या रात्री मला झोप लागली नाही. तेव्हापासून इंडिकेटर लवकर देतो, हातही दाखवतो आणि वळण्याआधी मान वळवून खांद्यावरून मागे बघतोच. नुसत्या आरशावर कधीच विसंबू नका.

एसटीच्या पाठीला चिकटू नका. तिच्या आरशात तुम्हाला ड्रायव्हरचा चेहरा दिसत नसेल तर त्यालाही तुम्ही दिसत नाही. जरा अंतर ठेवलंत की पुढचे खड्डे दिसतात, कडेला हात दाखवणारा प्रवासीही दिसतो, आणि एसटी थांबणार हे ब्रेकलाइट लागायच्या आधीच कळतं.

मिरकरवाडा बंदराकडून येणाऱ्या मासळीच्या गाड्यांमागे तर आणखी लांब राहा, त्यातून सांडणाऱ्या पाण्याने रस्ता निसरडा होतो. आरे-वारेच्या समुद्रकिनारी कडेला उभ्या गाडीत माणसं दिसली की दार उघडेल असं गृहीत धरा. रात्री आंधळ्या वळणावर समोरच्या गाडीचा उजेड आधी झाडांवर पडतो, तिकडे लक्ष असू द्या.

पहिला महिनाभर एकच सवय लावा: ब्रेक दाबायच्या आधी आरसा. आणि पावसाळ्यात रेनकोटची टोपी हेल्मेटच्या आत घालू नका. मान वळवली की ती डोळ्यावर येते, आणि नेमकं जे बघायला मान वळवली तेच दिसत नाही.