दप्तरात लपवून फोन द्यावा का?

ताई, तुमचं पत्र वाचलं. मुलगा यंदा सातवीत गेला. १५ जूनपासून शाळेनं पाचवी ते आठवीच्या मुलांना फोन आणायला बंदी केलीय; सापडला तर ऑफिसात जमा, न्यायला पालकांनी यायचं. तुम्ही दिवसभर सोलापूरच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात शिलाईवर, मिस्टर नोकरीला पुण्यात. पोरगं दोन घास खाऊन भिंतीकडे तोंड करून झोपतं. सायलेंटवर टाकून फोन दप्तराच्या तळाशी ठेवू द्यावा का, असं तुम्ही विचारलंय.

नको. सापडला तर वर्गासमोर मान खाली घालणार तो, तुम्ही नाही. आणि नियम मोडायला आईच साथ देते हे एकदा कळलं की पुढच्या वेळी तो तुम्हाला विचारणारही नाही. शाळेनं काही जगावेगळं केलेलं नाही. फ्रान्सनं तर २०१८ मध्येच लहान मुलांच्या आणि माध्यमिक शाळांत फोन वापरायला कायद्यानं मनाई केली.

तुमची धास्ती मात्र मला पटते. शाळा सुटल्यावर ट्यूशनपर्यंतचा तास, सात रस्ता चौकातली गर्दी, रिक्षाला उशीर. म्हणून एक करा, रिक्षावाल्या काकांचा, शाळेच्या ऑफिसचा आणि ट्यूशनच्या बाईंचा नंबर घ्या, तुमचा त्यांना द्या. कारखान्यात मशीनवर फोन घेता येत नसेल तर सुपरवायझरचाही द्या. आणि आज रात्री मुलाला तुमचा नंबर न बघता म्हणायला सांगा. बहुतेक मुलांना येत नाही. फोनमध्ये 'मम्मी' दाबायची सवय!

तुमच्या पत्रात एक ओळ ओझरती आलीय: 'मधल्या सुट्टीत तो बाबांशी बोलतो.' माझं बोट तिथंच अडकलं. तुम्ही गेमचा राग लिहिलाय, रील्सचा राग लिहिलाय, पण मला वाटतं रुसवा त्या दहा मिनिटांचा आहे. ती शाळेनं नकळत काढून घेतली आणि बदल्यात त्याला कुणीच काही दिलं नाही. तेव्हा बाबांच्या फोनची वेळ घरात ठरवा. रात्री साडेआठ म्हणजे साडेआठ, आणि तो मुलाचा फोन. गॅस संपला, हप्ता भरला, नळाला पाणी कधी येणार, ही आपली बोलणी नंतर. महिन्यातून एखाद्या शनिवारी त्यांनी पुण्याहून संध्याकाळची हुतात्मा एक्सप्रेस पकडली तर फारच बरं. सुट्टी मिळत नाही हे मलाही कळतं, तरी विचारा.

शाळेला एक गोष्ट जरूर ऐकवा. फोन आणू नका म्हणायचं आणि गृहपाठ रात्री व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायचा, हे चालणार नाही. फळ्यावर लिहा, मुलं डायरीत उतरवून घेतील. पालकसभेत एकट्या उठू नका, चौघीजणी मिळून बोला. एकटीचं म्हणणं 'बघू' म्हणून बाजूला पडतं.

घरातल्या संध्याकाळीही थोडं बघावं लागेल. आपल्या शेजारच्या सांगली जिल्ह्यात मोहित्यांचे वडगाव आहे. तिथं २०२२ मध्ये गावानं ठरवलं की संध्याकाळी ७ ला भोंगा वाजला की दीड तास टीव्ही, मोबाइल बंद. तुमच्या घरात भोंगा कोण वाजवणार? तुम्हीच. पण मग भाकरी थापताना शेजारी टेकवलेली मालिकाही बंद, हे आधीच सांगून ठेवते. पहिले आठ दिवस चिडचिड होईल, त्याची आणि तुमचीही.

रुसव्यावर समजावणीचं भाषण नको. साडेआठचा फोन आज रात्रीच सुरू करा. आणि हे उत्तर मिस्टरांनाही पाठवा.