चिनी ऑपेराच्या पोशाखात थ्रीडी प्रिंटर नक्की कुठे वापरावा?

तुमच्या प्रश्नातून कळलं ते असं: पदवीच्या प्रकल्पासाठी बीजिंग ऑपेरातल्या सेनापतीचा पोशाख नव्याने घडवायचाय, हाताशी थ्रीडी प्रिंटर, लेझर कटर आणि संगणकी भरतकामाचं यंत्र आहे, आणि चिलखतावरचे सगळे खवले प्रिंट करून सॅटिनवर शिवायचा बेत आहे. नाटकांच्या कपडेपटात बरीच वर्षं काम केल्यावर माझं सरळ मत: खवल्यांचा बेत सोडा.

सेनापतीचं चिलखत, म्हणजे 'काओ', दिसतं जड. पण ते तीसेक सुट्या, भरतकाम केलेल्या कापडी तुकड्यांचं असतं. पोटावर रुंद ताठ पट्टा, मांड्यांवर लोंबत्या झडपा, पाठीवर चार तिकोनी झेंडे. नट लाथ उंचावतो तेव्हा झडप उडाली पाहिजे, गिरकी घेतो तेव्हा झेंडे फडफडत पसरले पाहिजेत. खवले भरतकामातच असतात आणि कापड हललं की त्यांच्यावरचा उजेडही हलतो. तिथे प्लास्टिक शिवलंत की झडप उडायची थांबते आणि मांडीवर आपटायला लागते. वर खडखडाट. कुन ऑपेरा या दुसऱ्या चिनी प्रकाराची साथ मुख्यतः बासरीची. तिथे तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत पोचेल. आणि एक गोष्ट विद्यार्थी हमखास विसरतात: हे पोशाख घडी करून पेट्यांत जातात. ज्याची घडी होत नाही तो पोशाख कुठलीच मंडळी दौऱ्यावर नेणार नाही.

मग प्रिंटर, लेझर वापरायचे कुठे? टोपात. जुनी पद्धत अशी: पुठ्ठ्याचे थर खळीने चिकटवायचे, बारीक पात्यांनी जाळी कोरायची, कडांना तार बसवायची, वर लगद्याच्या बारीक धारेने उठावाच्या रेषा काढायच्या, त्यावर वर्ख, मग निळं पीसकाम, आणि शेवटी स्प्रिंगवर थरथरणारे गोंडे नि मणी. यातलं जाळीचं काम लेझर सुंदर करतो, आणि त्यासाठी साहित्य बदलायचीही गरज नाही. पुठ्ठाच कापा. तो हलका असतो, घाम थोडा शोषतो, फाटला तर रात्रीत दुरुस्त होतो. प्रिंटर राखून ठेवा तो आतल्या सांगाड्यासाठी, झेंड्यांच्या काठ्या धरणाऱ्या पाठीवरच्या खोबणीसाठी, गोंड्यांच्या बुडख्यांसाठी. पीएलए हे प्रिंटरचं नेहमीचं प्लास्टिक घेऊ नका. ते साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं आणि उन्हात उभ्या टेम्पोत पेटी त्या तापमानाला सहज पोचते. नायलॉन परवडत असेल तर उत्तम. उठावाची नक्षी प्रिंट करणार असाल तर वर्ख लावण्याआधी भरपूर घासा आणि अस्तराचा रंग द्या, कारण वर्ख प्रिंटची एकेक रेघ चहाडी केल्यासारखी दाखवतो.

डोक्याचं थ्रीडी स्कॅन घेणार असं लिहिलंय तुम्ही. जरूर घ्या, पण डोकं बांधून झाल्यावर. या रंगभूमीवर टोपाआधी कपाळाभोवती पट्टी करकचून आवळतात, भुवया वर ओढल्या जातात, तिच्यावर आणखी वेष्टन येतं. मोकळ्या डोक्याच्या मापाचा टोप त्यावर बसणारच नाही. धडाचंही तेच: चिलखताखाली कापसाचं जाड जाकीट घालतात, त्यामुळे उघड्या अंगाचं स्कॅन फारसं कामाचं नाही. शिवाय अनेक जुने टोप पुढचा आणि मागचा असे दोन भाग दोरीने बांधून सैल-घट्ट करता येतात, म्हणून एकच टोप बऱ्याच नटांना चालतो. तुमचा हुबेहूब मापाचा टोप एकाच नटाचा होईल. माझ्या मते ती सुधारणा ठरत नाही. समायोजनाची सोय ठेवाच.

टोपातला कुठला भाग हलतो ते आधी बघा. शान्शी प्रांतातल्या ऑपेरात अधिकाऱ्याच्या काळ्या टोपीचे दोन पंख हे अभिनयाचं साधन आहे: कसलेला नट एक पंख हलवतो आणि दुसरा स्थिर ठेवतो, त्यातून त्या माणसाची घालमेल दिसते. ते पंख ताठ प्रिंट केलेत तर ती कलाच गेली. तरुण सेनापतींच्या टोपावरची फेझंट पक्ष्याच्या शेपटीची लांब पिसंही तशीच. नट ती बोटांनी वाकवतो, दातांत धरतो. सारख्या जाडीची कृत्रिम काठी तशी वाकत नाही. बुडाशी जाड, टोकाशी निमुळती हवी. तो पक्षी 2021 पासून चीनच्या सर्वोच्च संरक्षित यादीत आहे, म्हणून इथे चांगला पर्याय शोधलात तर खरोखर उपयोग होईल. खंड्याच्या निळ्या पिसांच्या जागी आता रंगवलेली हंसाची पिसं किंवा रेशमी फीत वापरतात. खंड्याचा निळा मात्र रंगद्रव्याचा नसतो, पिसाच्या सूक्ष्म रचनेतून येतो; सपाट छापलेला निळा त्याच्यापुढे मेलेला दिसतो.

भरतकामाच्या यंत्राबद्दल थोडक्यात. कलाबतू, म्हणजे सोनेरी जरीचा दोरा, सुईतून जात नाही. ती कापडावर ठेवून बारीक टाक्यांनी बांधतात, आपल्याकडच्या जरदोजीत बांधतात तशी. त्यासाठी यंत्राला दोरा पसरून टाकणारं वेगळं जोडकाम लागतं. नुसता चमकता पॉलिएस्टर दोरा भरलात तर ड्रॅगन चपटा दिसेल. पैसे कमी असतील तर फक्त छातीवरचा तुकडा हाताने करून घ्या. चीनमधल्या सुझोऊ शहरात हे काम पिढ्यान्‌पिढ्या चालतं आणि नाट्यपोशाखांची ती कारागिरी 2006 मध्ये चीनच्या राष्ट्रीय वारसा यादीत गेली. रेशीम लेझरने कापताना कड करपते, पॉलिएस्टरची वितळून बंद होते; आधी चिंधीवर करून बघा.

पांढऱ्या लांब बाह्यांना हात लावू नका. पातळ रेशमाच्या त्या बाहीचं वजन आणि हवेतला वेग नटाच्या मनगटात बसलेला असतो.

बदल करूच नये असं मी म्हणत नाही. बीजिंग ऑपेरातले नामवंत नट मेई लानफांग यांनी 1915 मध्ये चंद्रदेवी 'छांग-अ'च्या नाटकासाठी जुन्या चित्रांवरून स्त्रीवेश नव्याने बेतला: झगा वर आणि घागरा खाली ही रीत मोडून घागरा बाहेरून बांधला, केशरचना बदलली. तो टिकला, कारण त्यात नाचता येत होतं. पण रंग आणि नक्षी हा प्रेक्षकांचा पाठ असतो. दरबारी झग्यावर शांत वयस्कर भूमिकेला वर्तुळातले ड्रॅगन, रंगवलेल्या चेहऱ्याच्या दांडग्या भूमिकेला अंगभर पसरलेला एकच. 'फाटकं चालेल, चुकीचं नको' अशी तिथल्या कपडेपटाची म्हणच आहे.

तुम्ही कुठला सेनापती घेताय ते लिहिलं नाहीत. चीनच्या तीन राज्यांच्या काळातला झाओ युन असेल तर पांढऱ्यावर प्रयोगाला वाव आहे. त्याच काळातला ग्वान यू असेल तर हिरवा हिरवाच ठेवा आणि सगळी मेहनत टोपावर खर्च करा. आराखड्याचे फोटो टाका, झेंड्यांच्या खोबणीचं माप मी बघून सांगेन.